झुपकी आत्याची कुंची

एक होती खार. तिचं नाव झुपकी. एवढीशी खार, केवढी मोठी शेपटी!

झुपकी झाली आत्या. तिच्या भावाला झालं बाळ. आज संध्याकाळी बाळाचं बारसं. बारशाला कुंची कोण आणतं? आत्या! बाळाच्या कानात नाव कोण सांगतं? आत्या!

झुपकीनं कुंची शिवून घेतली होती. डोकं झाकणारी, कान झाकणारी, पाठीवर रुळणारी. जुन्या रेशमाची. नवं कापड टोचतं, जुनं रेशीम मऊ मऊ.

कुंची वाळत घातली फांदीवर. वारा आला, फुर्रर्र! कुंची पडली ओढ्यात. गेली वाहत.

झुपकी रडली. थोडंसंच रडली. मग शेपटीनं नाक पुसलं. ढोलीत रेशमाचा एकच तुकडा उरला होता. जांभळा, जरीच्या काठाचा. तो मारला काखोटीला.

"दुसरी कुंची करणार! सूर्य मावळायच्या आत करणार!"

तुरुतुरु तुरुतुरु, गेली शिंपीण पाखराकडे. शिंपीण पानं शिवते. चोच हीच तिची सुई.

"शिंपीणताई, शिंपीणताई, कुंची शिव ना!"

"दोराच नाही. कोळ्याकडून आण, मग शिवीन."

तुरुतुरु तुरुतुरु, गेली कोळ्याकडे.

"कोळीदादा, कोळीदादा, दोरा विण ना!
शिंपीण शिवेना,
बारसं होईना,
आत्या काही थांबेना!"

"लोंबकळायला फांदी नाही. बोरीला वाकायला सांग, मग विणीन."

तुरुतुरु तुरुतुरु, गेली बोरीच्या झाडाकडे.

"बोरीआजी, बोरीआजी, वाक ना!
कोळी विणेना,
शिंपीण शिवेना,
बारसं होईना,
आत्या काही थांबेना!"

"वाळून काठी झालेय मी! वाकले तर मोडेन. पाटाचं पाणी आण, मग वाकेन."

तुरुतुरु तुरुतुरु, गेली पाटाकडे.

"पाटदादा, पाटदादा, वाह ना!
बोरी वाकेना,
कोळी विणेना,
शिंपीण शिवेना,
बारसं होईना,
आत्या काही थांबेना!"

"वाहू कसा? म्हैस बसलीय आडवी. तिला उठव, मग वाहीन."

तुरुतुरु तुरुतुरु, गेली म्हशीकडे. म्हैस केवढी? डोंगराएवढी!

"म्हैसमावशी, म्हैसमावशी, ऊठ ना!
पाट वाहेना,
बोरी वाकेना,
कोळी विणेना,
शिंपीण शिवेना,
बारसं होईना,
आत्या काही थांबेना!"

"उठत नाही, जा! कानात गवताचं कुसळ गेलंय. टोचतंय मेलं. ते काढ, मग उठेन."

आता कोणाकडे जायचं? कोणी उरलंच नाही.

झुपकीनं सूर्याकडे पाहिलं. तो पार खाली आला होता. झुपकीनं म्हशीच्या कानाकडे पाहिलं. काळा काळा, खोल खोल.

पण आत्या काही थांबेना! डोळे मिटले आणि सुळ्ळकन शिरली कानात. कुसळ धरलं. ओढलं, ओढलं, ओढलं. पक्कन निघालं!

मग काय?

म्हैस उठली. भस्स!
पाट वाहिला. खळखळ खळखळ!
बोरी प्यायली. गटगट गटगट! बोरी वाकली.
कोळ्यानं विणलं. सर्र सर्र!
शिंपिणीनं शिवलं. टुचुक टुचुक!

बोरीआजीनं एक लाल बोर टाकलं, टप्पकन. त्याचा गोंडा लावला कुंचीच्या शेंड्यावर. काय दिसत होती कुंची!

तुरुतुरु तुरुतुरु, झुपकी बारशाला पोचली. सूर्य मावळतच होता. तिनं बाळाला कुंची घातली. बाळ खुदकन हसलं.

आता नाव सांगायचं कानात. पण कान कुठे गेले? कान गेले कुंचीत! कुंची जरा वर केली, तर बाळानं भोकाड पसरलं. ट्यॅहॅ ट्यॅहॅ!

सगळे म्हणाले, "आता गं कसं?"

झुपकी म्हणाली, "म्हशीच्या कानात शिरून आलेय मी! कुंचीत शिरायला कितीसा वेळ?"

आणि शिरली की! आधी नाक, मग मिश्या, मग अख्खं डोकं. बाहेर राहिली नुसती शेपटी. आतून आवाज आला,

"कुर्रर्र! तुझं नाव रेशू."

मग सगळ्यांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. धप धप धप! बारशाला आत्याचा तो मानच असतो.

बारशाला आलेली म्हैसमावशी म्हणाली, "मीपण घालू का एक?"

"नको गं बाई!" झुपकी ओरडली आणि टुणकन पाळण्यात चढली.

रेशू झोपला. गोंडा झोपला. पाळणा हलला हळू हळू. आणि आत्या?

आत्या एकदाची थांबली.