काहिलीची चढण

“आणि सांडलं तर?”

“सांडणार नाही, महाराज.”

“बरं... पण सांडलं तर?”

नागेशनं हातातला पाना मडगार्डवर आपटला. अख्खा पावसाळा त्यानं या कामात घातला होता. मठाच्या बागेत फिरणारा तो लहानसा ट्रॅक्टर, आणि त्याच्या मागं, नांगर जोडतात त्या जागी, त्यानं स्वतः वेल्डिंग करून बसवलेल्या दोन जाड लोखंडी दांड्या. आरतीचं ताट घ्यायला हात पुढं करावेत तशा. सीटशेजारचा लिव्हर ओढला की हळूहळू वर उठायच्या, सोडला की खाली बसायच्या. कारखान्यात याला फोर्कलिफ्ट म्हणतात. गावात ‘नाग्याची शिंगं’ म्हणत होते.

ती शिंगं आता काहिलीच्या, त्या भल्यामोठ्या कढईच्या, कड्यांखाली शिरून बसली होती. काहिलीत आमटी रटरटत होती.

भंडाऱ्याचा दिवस. गाव जेवायला टेकडीवर समाधीपाशी, आणि चुलाण खाली विहिरीजवळ. वर जाळ करायचा नाही, ही रीत. नैवेद्य दाखवेपर्यंत काहिलीवर झाकण घालायचं नाही, ही रीत. आणि ती उकळती काहिल बांबूंवर तोलून चौघांनी खांद्यावरून चढणीनं वर न्यायची, हीही रीतच. पुढचे दोन खांदे पंचांच्या घरचे. त्यांना फेटा आणि नारळ. मागचे दोन खालच्या आळीचे. त्यांना पुण्य.

रीत कुणी घातली असं विचारलं की म्हातारे आभाळाकडे बोट दाखवतात. आभाळ काही बोलत नाही. त्यामुळे म्हाताऱ्यांचं बरं चाललंय.

गेल्या वर्षी चढणीवर पुढच्याचं पाऊल घसरलं आणि काहिल कलली. पाऊल पुढच्याचं घसरलं, भाजला मागचा. भागूतात्या, नागेशचा सख्खा चुलता. मांडीपासून घोट्यापर्यंत कातडी सोलून निघाली. पंच दवाखान्यात भेटायला गेले, केळी घेऊन. आणि सांगून आले, “भागू, सेवा रुजू झाली बघ.”

तात्याही तसलाच. म्हणाला, “माझाच पाय आखडला असंल.”

त्या दिवसापासून नागेशच्या डोक्यात या दांड्या होत्या.

“महाराज, उशीर होतोय,” तो म्हणाला. “तुम्ही ‘निघा’ म्हटलं की मी लिव्हर ओढतो.”

काहिल महाराजांच्या शब्दाशिवाय हलत नसे. भैरवगिरी महाराज चुलाणापाशी काठी टेकून उभे होते. वय झालेलं, अंगावर भगवी छाटी, बोलणं मोजकं. नागेश इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष अर्धवट टाकून मठात आला, तेव्हा त्यांनी एक अक्षर विचारलं नव्हतं. हातात झाडू दिला होता. त्याचा राग नागेशच्या मनात अजून होता. का सोडलंस, एवढं तरी विचारायचं.

ट्रॅक्टरला तर त्यांनी आजवर बोटही लावलं नव्हतं. बागेत तो समोरून आला की गाय यावी तशी बाजूला होऊन वाट द्यायचे.

“महाराज कशाला निघा म्हणतील?” रंगनाथअण्णा पुढं झाले. पंचांचे म्होरके. फेटा आधीच बांधून आलेले. “सकाळी काय झालं ते गावानं पाहिलंय. काहिलीत नुसतं पाणी होतं, तरी पुढची चाकं हवेत. नाग्या, घोडा उधळला होता तुझा.”

लोक हसले.

“मागं वजन आलं की पुढचं उठणारच,” नागेश म्हणाला. “म्हणून पुढं वजन बांधलंय. बघा की.”

ट्रॅक्टरच्या नाकाशी दोन जुनी दळणाची जाती साखळदंडानं आवळून बांधली होती. त्यानंतर पाण्याची काहिल त्यानं अंगणभर फिरवून दाखवली होती. थेंब हलला नव्हता.

“दगड कशाला बांधलेस रे? आम्ही बसलो असतो की पुढं.”

“बसा की अण्णा. बसण्यात तुमचा हात कोण धरणार?”

आता हसू जरा वेगळ्या बाजूनं आलं. अण्णांनी फेटा सारखा केला.

“जीभ लांब आहे तुझी. बांबू तेल लावून तयार आहेत. महाराजांनी नको म्हटलं की काहिल खांद्यावर. भागूसुद्धा आलाय बघ.”

नागेशनं वळून पाहिलं.

तात्या खरंच आला होता. एक पाय ओढत. खांद्यावर गोणपाटाची घडी, बांबू रुतू नये म्हणून. मागच्या डाव्या अंगाला, जिथं त्याचा बाप उभा राहायचा आणि त्याच्या बापाचा बाप, तिथंच जाऊन उभा राहिला होता. त्याला कुणी बोलावलंही नसेल.

“तात्या, ती घडी काढ.”

“असू दे रे. आज रिकामा खांदा बरा दिसत नाही.”

नागेशचं डोकं सटकलं.

“महाराज, ऐकताय ना? याच पायानं हा पुन्हा चढणार. तुम्ही एक शब्द बोललात तर चढणार नाही. आणि तुम्ही मला विचारताय, सांडलं तर?”

महाराजांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

“गेल्या वर्षी नाही विचारलंत.”

“नाग्या...” तात्या म्हणाला.

“थांब तात्या. गेल्या वर्षी तुम्ही पुढं चालत होता, महाराज. काठी टेकत, काहिलीकडं पाठ करून. टाळ वाजत होते. हा मागं ओरडला, तरी टाळ थांबायला वेळ लागला. तुम्हाला ऐकू आलं नसेल, असंही मी स्वतःला सांगून पाहिलं. नाही पटलं.”

महाराजांशी असं कुणी बोललेलं गावानं ऐकलं नव्हतं.

“थोबाड फोडायला पाहिजे याचं,” अण्णा म्हणाले. पण हळू.

महाराजांनी आमटीकडे पाहिलं. मग चढणीकडे.

“ऐकू आलं होतं,” ते म्हणाले.

मग ते नागेशकडे वळले.

“आता माझं एवढं सांग, नागेश. सांडलं, तर कुणावर?”

“सांडणारच नाही म्हणतोय ना मी. हिशेब केलाय. दांड्या दोन माणसं वर उभी राहिली तरी वाकत नाहीत. जोड मी स्वतः...”

“तुझा जोड पक्का आहे. मला लोखंडातलं काही कळत नाही, पण तुझ्या हातावर माझा विश्वास आहे. ते मी विचारत नाहीये.”

“मग?”

“कुणावर?”

नागेशनं हात झटकला. “माझ्यावर नाही, एवढं नक्की. मी पुढं तोंड करून सीटवर बसणार. काहिल माझ्या पाठीमागं. सांडलीच तर मागं...”

तो थांबला.

मागं सगळे उभे होते. काहिल निघाली की तिच्यामागून चालायचं, हीही रीत. टाळकरी, बायका, कडेवरची पोरं. आणि सगळ्यांत पुढं, काहिलीला अगदी लागून, गोणपाट घेतलेला तात्या.

नागेशनं ट्रॅक्टरकडे पाहिलं. नाक चढणीच्या दिशेला. मग चढण पाहिली.

सकाळपासून काहिल त्यानं फिरवली होती ती अंगणात. सपाटीवर.

चढणीला लागलं की नाक वर जाणार. जात्यांचं वजन पुढून मागं येऊ लागणार. दांड्या मागं कलणार, उताराकडे. थोडा धक्का बसला तरी आमटी काठावरून सरळ मागं. गेल्या वर्षीसारखीच. बांबूऐवजी लोखंड, एवढाच फरक. आणि पुढच्या खांद्याच्या जागी नागेश.

हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. ज्या कॉलेजला तो उठता-बसता शिव्या घालायचा, तिथं पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. त्यानं मुळात विचारच केला नव्हता. आपल्या पाठीमागं काय होतं, याचा विचार ज्याला करावा लागत नाही त्याला तो सुचतही नाही. हे वाक्य तो एरवी पंचांबद्दल म्हणायचा.

“कुणावर?” महाराजांनी पुन्हा विचारलं नाही. नागेशलाच ते पुन्हा ऐकू आलं.

तो सीटवर चढला. इंजिन चालू केलं, लिव्हर ओढला. काहिल चुलाणावरून अलगद उठली. टाळ वाजायला लागणार, तेवढ्यात त्यानं चढणीकडे न जाता ट्रॅक्टर अंगणात पुढं घेतला आणि अर्धं वर्तुळ काढून उभा केला. आता नाक विहिरीकडे होतं. काहिल चढणीच्या तोंडाशी.

“हे काय चाललंय?” अण्णा धावले.

“उलटं नेणार.”

“काय?”

“रिव्हर्समध्ये. काहिल वरच्या अंगाला, ट्रॅक्टर खालच्या. मग पुढची चाकं उठत नाहीत.”

“आणि सांडलं तर?” हा प्रश्न अण्णांच्या तोंडून आला. महाराजांचं ऐकून ऐकून आला असेल.

“तर माझ्यावर.”

अण्णांना हे उत्तर चावायला जरा वेळ लागला. मग त्यांना रीत सापडली.

“अरे, नैवेद्य आहे हा. उलट्या पावलांनी भूत चालतं. माणूस नाही. समाधीपाशी उलटं जायचं कुणी ऐकलंय? महाराज, सांगा याला.”

सगळ्यांचे डोळे महाराजांकडे लागले.

महाराज काठी टेकत तात्यापाशी गेले. त्याच्या खांद्यावरची गोणपाटाची घडी त्यांनी काढून घेतली. तात्या गडबडला. रिकामा खांदा त्यानं उगाच हातानं झाकला.

घडी आपल्या काखेत मारून महाराज कडेच्या दगडावर जाऊन उभे राहिले. पुढं नाहीत, मागंही नाहीत.

“निघा,” ते म्हणाले.

नागेशनं रिव्हर्स टाकला. डावा हात स्टिअरिंगवर, उजवा मडगार्डवर, मान पूर्ण मागं वळलेली. आमटी आता त्याच्या तोंडासमोर होती. वाफ चेहऱ्यावर येत होती. मसाल्यानं डोळे चुरचुरत होते, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

चढण सुरू झाली तशी काहिल त्याच्याकडे कलली. थोडीच. पण कलली.

पावसाळाभर त्याला या यंत्राची भीती वाटली नव्हती. आत्ता वाटली. क्लच त्यानं नेहमीपेक्षा हळू सोडला. एक दगड चाकाखाली येताना दिसला आणि तो चाक लागायच्या आधीच थांबला. वळसा घेतला. बांबूवाल्यांनी कधी दगड पाहिले असतील का, असं त्याच्या मनात आलं. मागच्यांनी पाहिले असतील. पण मागच्यांच्या हातात वाट नव्हती.

निम्म्यावर काहिल हिंदकळली. काठावरून आमटीची एक लाट उडाली आणि मडगार्डवरच्या त्याच्या हातावर पडली.

त्यानं दात आवळले. हात हलवला नाही. पाय तर मुळीच नाही.

कुणी ओरडलं नाही, कारण कुणाला दिसलं नाही. लोक वाटेच्या कडेनं चालत होते, आणि टाळ वाजत होते.

वर समाधीपाशी त्यानं काहिल तिवईवर उतरवली. इंजिन बंद केलं. नैवेद्य दाखवला गेला, झाकण पडलं, पंगती बसल्या. अण्णांनी सवयीनं पुढच्या खांदेकऱ्यांसाठी नारळ काढले. मग कुणाला द्यायचे ते न कळून पुन्हा पिशवीत ठेवले. एक मात्र फोडला आणि स्वतः खाल्ला.

तात्या पंगतीत बसला होता. गेल्या वर्षी या वेळेला तो जीपमध्ये आडवा होता.

नागेश अजून सीटवरच बसून होता. महाराज सावकाश चढण चढून आले. त्यांना पाहताच त्यानं बाही खाली ओढली.

“नाही सांडलं, महाराज,” तो म्हणाला. “म्हटलं होतं मी.”

महाराजांनी त्याचा हात धरला. बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी लाल होऊन फुगली होती.

महाराजांनी कमंडलूतलं गार पाणी त्या हातावर ओतलं. सगळं ओतलं. मग म्हणाले,

“उतर खाली.”

बोललो ते फार झालं, असं नागेशला वाटलं. आता झाडूही परत घेतील.

तो उतरला.

महाराजांनी काठी त्याच्याकडे दिली. छाटी गुडघ्यावर खोचली. काखेतली तात्याची गोणपाटाची घडी सीटवर नीट पसरली, आणि मडगार्डला धरून, धापा टाकत, कुणाची मदत न घेता वर चढून बसले.

पंगतीत घास थांबले.

“महाराज,” रंगनाथअण्णा उष्ट्या हातानं उठले, “हे काय? भंडाऱ्यात तुमची जागा पुढं आहे. वर्षानुवर्षं...”

महाराजांचं तिकडं लक्ष नव्हतं. मान वळवून ते मागच्या रिकाम्या दांड्यांकडे पाहत होते. वळता वळत नव्हती मान.

मग पायाशी वाकून पाहत म्हणाले,

“नागेश... यातला क्लच कुठला?”