दिवस कुणी सांगायचा?

एकदा एक कापडाचा व्यापारी आपल्या पत्नीला घेऊन एका वृद्ध वैद्यबाईंच्या दारी आला. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पाळणा हलला नव्हता, आणि व्यापाऱ्याच्या आईने दुसरी सून पाहायला माणसं धाडली होती. पत्नीचं नाव वेणू. या कथेत नाव असं तिचं एकटीचंच आहे, आणि ते मी मुद्दाम ठेवलं आहे.

बोलत होता तो अर्थातच व्यापारी. "वैद्यबाई, मी कशात कमी पडलेलो नाही. बाजारोबाजार हिंडतो, पण जोशीबुवा काढून देतील त्या मुहूर्तावर न चुकता घरी येतो. आता तुम्ही औषध द्या, कितीही कडू असू दे."

वैद्यबाईंची शिष्या मोठी तत्पर. तिने लगेच खल पुढे ओढला.

"राहू दे तो," बाई म्हणाल्या. त्यांनी व्यापाऱ्याला बाहेर ओट्यावर बसवलं, दार लोटलं आणि वेणूला विचारलं, "बाळ, गर्भ राहण्याजोगे दिवस अंगाला कळतात. तुला कळतात का गं?"

वेणू आधी लाजली. मग हळूच म्हणाली, "असतील ते हेच, तर कळतात. पाळी सरली की थोडे दिवस कोरडे जातात. मग अंगावरून नितळ जातं, अंड्यातल्या पांढऱ्यासारखं, धरलं तर तार निघते. मनालाही ओढ लागते. पण तेव्हा हे कुठल्या तरी बाजारात असतात. येतात तोवर सगळं ओसरलेलं असतं."

"मग सांगितलं नाहीस कुणाला?"

"कुणी विचारलंच नाही."

बाईंनी व्यापाऱ्याला आत बोलावलं. "औषध नाही, वचन हवंय. ही निरोप धाडेल तेव्हा असशील तिथून घरी यायचं आणि तिचे ते दिवस सरेपर्यंत राहायचं. जोशीबुवांना विचारायचं नाही."

व्यापाऱ्याचा चेहरा पडला. "बायकोच्या निरोपावर धावत येऊ? लोक बाईलबुद्ध्या म्हणतील मला!"

"म्हणू देत. बाप म्हणवून घ्यायचंय ना? काही महिने असं करून पाहा. नाहीच जमलं, तर दोघंही या. तपासायचं ते दोघांना, हिला एकटीला नाही."

ती दोघं गेली तशी शिष्या कुरकुरली, "इतक्या लांबून आली होती बिचारी, आणि तुम्ही चिमूटभर चूर्णसुद्धा दिलं नाहीत!"

बाई म्हणाल्या, "मुली, पुरुषाचं बीज स्त्रीच्या देहात काही दिवस तग धरतं. स्त्रीचं बीज सुटलं की जेमतेम एक दिवस. म्हणून महिन्यात फळाचे दिवस मोजकेच, आणि ते प्रत्येकीचे निराळे. पंचांग अख्ख्या गावाला एकच. त्याला हिचे दिवस कसे ठाऊक असणार? बाई गरोदर राहिली की आपण म्हणतो, दिवस गेले. अगं, पण दिवस जायला आधी दिवस कळायला नकोत का? हिला ते कळत होते. तिच्या घरातल्यांना ऐकायचं कळत नव्हतं. मी औषध दिलं ते त्यांच्या कानांना."

पुढे निरोप जात राहिले. व्यापारी ऐन विक्रीत दुकान आवरून निघे, शेजारचे दुकानदार टाळ्या देऊन हसत. त्याचे कान लाल होत, पण तो येई. दोनदा वेणूची पाळी आली आणि घरात कुणी धड जेवलं नाही. आणि मग वेणूला दिवस गेले.

डोहाळजेवणाला सारा गाव लोटला. बाईंच्या वतीने शिष्या ओटी भरायला आली होती. सासूबाई मोठ्या कौतुकाने सगळ्या बायकांना सांगत होत्या, "शेवटी जोशीबुवांचाच मुहूर्त फळला हो!"

दारात उभा असलेला व्यापारी पुढे झाला. चारचौघांत, बाजारात बोलतो तशा खणखणीत आवाजात तो म्हणाला, "आई, मुहूर्त माझ्या बायकोने काढला."

वेणू ताठ मानेने बसून होती. बाईंनी औषध कुणाला दिलं होतं, ते शिष्येला आता उमगलं.