माती न लावलेला गडी

पेठापेठांच्या एका गावात सर्जेराव नावाचा एक गृहस्थ राहत असे. भांड्यांचे दुकान हा त्याचा व्यवसाय आणि तालमीचा फुटबॉल संघ हा त्याचा धर्म. त्या गावी तालमीच्या हौद्यात कुस्ती शिकवली जाई आणि मैदानावर त्याच तालमीचा संघ फुटबॉल खेळे. त्यामुळे संघाचा अपमान तो साऱ्या पेठेचा अपमान, असा सर्जेरावाचा सरळ हिशेब होता.

त्या वर्षी संघाने पलीकडच्या पेठेतल्या तालमीला हरवून अंतिम सामना जिंकला. विजयी गोल मारला तो सर्जेरावाच्या भाच्याने, इंद्रजितने. तो मामाच्याच घरी वाढलेला. दुसऱ्याच दिवशी वर्तमानपत्रात मथळा आला, ‘गोल डोक्याने की हाताने?’ संध्याकाळी वाहिन्यांवर माणसे तावातावाने भांडू लागली. त्या साऱ्यात ‘असे समजते’ होते, ‘अशी चर्चा आहे’ होते; इंद्रजितचे एक वाक्य मात्र कुठेच नव्हते.

तेव्हापासून सर्जेरावाला जिथेतिथे डाव दिसू लागला. बातमीदाराची सासुरवाडी पलीकडच्या पेठेत, म्हणजे तो विकला गेला. छायाचित्रकाराने नेमका तोच कोन निवडला, म्हणजे तोही त्यांचाच. दुकानात एक गिऱ्हाईक पेपर पाहून हसले, तर त्याला पातेल्याचा भाव वाढवून सांगितला गेला. घरी मात्र मामा-भाचे मुकाट्याने जेवत आणि उठून जात.

अखेर सर्जेरावाने पेठेतली माणसे जमवून वर्तमानपत्राच्या कचेरीवर मोर्चा ठरवला. निघण्यापूर्वी तो तालमीत आपल्या वृद्ध वस्तादांच्या पाया पडायला गेला. वस्ताद हौद्यातली तांबडी माती सारखी करत होते.

“वस्ताद, पेपरवाल्यांनी सुपारी घेतलीय आपल्या पोराची. एकानं तरी त्याला विचारलं का, बाबा, खरं काय म्हणून?”

वस्तादांनी ओंजळभर माती उचलली आणि सर्जेरावाने मोर्चासाठी घातलेल्या परीटघडीच्या पांढऱ्या सदऱ्यावर खांद्यापासून मनगटापर्यंत चोळली. वस्तादांनाही पलीकडच्यांनी फितवले की काय, अशी शंका सर्जेरावाच्या मनाला चाटून गेली.

“सर्जा, कुस्ती लागायच्या आधी समोरच्या गड्याच्या अंगाला माती का लावतोस?” वस्तादांनी विचारले.

“त्यानं तेल चोळलं असलं तर कळाय पाहिजे. पकड सुटाय नको.”

“म्हणजे संशयच की.”

“व्हय.”

“तरी कुणाला राग येत न्हाई. का? तर समोर उभं राहून, आपल्या हातानं, सगळ्यांदेखत त्यो फिटतो. पेपरवाल्यांनी लांबनं संशय घेतला, ती त्यांची चूकच. पण तू त्यांच्यावर घेतलास, त्योबी लांबनंच. आणि ज्याच्यावरनं हे सगळं चाललंय त्यो तुझ्या शेजारी जेवतोय. त्याच्या अंगाला तू तरी माती लावलीस का?”

सर्जेरावाची मान खाली गेली. विचारायचे त्याला सुचले नव्हते असे नाही. त्याला उत्तराची भीती वाटत होती, आणि बातमीदारावर संतापणे त्यापेक्षा सोपे होते.

तो तसाच घरी परतला. इंद्रजित पायरीवर एकटाच बसला होता.

“चेंडू हाताला लागला व्हता का, इंद्रजित?”

भाच्याने मामाच्या माखलेल्या सदऱ्याकडे पाहिले. त्याचे डोळे भरून आले.

“लागला, मामा. पंचांनी शिट्टी मारली न्हाई, मग मीबी बोललो न्हाई. तुम्ही विचाराल म्हणून रोज जेवताना वाट बघत व्हतो.”

सर्जेरावाला फार वाईट वाटले. गोलापेक्षा त्या रोजच्या जेवणाचे अधिक वाटले. तोवर मोर्चाची माणसे दारात येऊन हाका मारू लागली होती.

“घरला जावा सगळी,” तो त्यांना म्हणाला. मग भाच्याकडे वळला. “ऊठ. पलीकडच्या तालमीत जाऊन सांगून येऊ. मी हाय संगं. आणि त्या बातमीदारालाबी बोलवू, तुझ्या तोंडनं ऐकू दे त्याला.”

बायकोने आतून धुतलेला सदरा आणून दिला. सर्जेरावाने तो घेतला नाही.