चार खांदे

“अण्णा गेले, आणि श्रमनगरातून एक माणूस फिरकला नाही. मास्तर, तुम्हीसुद्धा?”

उदयन सबनीस दारातूनच विचारत होता. चपलाही काढल्या नव्हत्या.

केळुसकर मास्तरांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. तो तसाच राहिला.

श्रमनगर मास्तरांनीच आखलेलं. कारखान्याच्या कामगारांसाठी गाव वसवायचं ठरलं, तेव्हा त्यांनी डॉक्टर, फिटर आणि झाडूवाला यांची घरं एकाच अंगणाभोवती मांडली. कुंपणाला जागाच ठेवली नाही. उदयन तिथल्या फिटरचा मुलगा. नगररचना शिकला मास्तरांकडे, आणि नाव मात्र काढलं शहराबाहेर उंच भिंतीआड वसाहत बांधून. म्हाताऱ्या बापाला हट्टानं तिकडे नेलं. अण्णा तिथे मनातून कुढत होते, पण मुलाची हौस म्हणून गप्प राहिले.

“आपल्याकडे मयताला बोलावणं लागत नाही, असं तुम्हीच सांगायचात,” उदयन म्हणाला. “मग कुठे होती ती माणसं?”

आवाज चढला होता आणि डोळे भरून आले होते.

“आलो होतो,” मास्तर म्हणाले. “सगळेच. दोन टेम्पो भरून. तुझ्या पुढच्या गेटवर उभे होतो.”



घरून फोनवर होकार आल्याशिवाय कोणालाही आत सोडायचं नाही, हा नियम उदयननंच घातलेला. त्या सकाळी गेटवरून फोन सारखा वाजत होता. मयताच्या घरात फोन कोण घेणार? शेवटी वैतागून त्यानंच वायर काढून ठेवली होती.

“आणि शववाहिनी मागच्या गेटनं गेली…” तो पुटपुटला. तोही नियम त्याचाच. पुढच्या रस्त्यावर असलं काही दिसलं की राहणाऱ्यांचा दिवस खराब जातो, असं त्यानं बैठकीत पटवून दिलं होतं. तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

“खांदा कोणी दिला रे?”

“मी आणि मेहुणा. शेजारीपाजारी कोणी दार उघडेना. मग पुढच्या गेटवरचे दोघे वॉचमन बोलावले. त्यांनी हात लावला, तेव्हा अण्णा गाडीत गेले.”

“पुढच्या गेटवरचे? दोघेही?” मास्तरांनी विचारलं.

उदयनच्या जरा उशिरा लक्षात आलं.

“म्हणजे… तेवढा वेळ तुमच्यापुढे गेटवर कोणीच नव्हतं?”

“नव्हतं.”

“आणि गेट?”

“उघडंच. दोघे घाईनं पळाले, लावायचं राहिलं.”

“मग आत का नाही आलात?” उदयन ओरडलाच. “आत वळलं की घर! अण्णांचं तोंड तरी बघायला मिळालं असतं. चार खांदे आपले मिळाले असते. वॉचमनच्या खांद्यावरून गेला हो माझा बाप! अडवायला होतं कोण तुम्हाला?”

मास्तरांनी वाकून स्वतःच्या पायांवरून हात फिरवला.

“एकाचंही पाऊल उचललं नाही,” ते म्हणाले. “माझंही नाही… भिंत पक्की बांधलीस रे.”