ठकूबाईची सांजवात

गिरणाकाठच्या पिंपळदरीत श्रीअच्युतपुरी महाराजांचा मुक्काम होता, तेव्हाची ही गोष्ट. दत्तमंदिराच्या पायऱ्यांखाली गावाचा धर्मार्थ दवाखाना होता. महाराज रोज सकाळी तिथल्या रोग्यांची विचारपूस करायला जात.

तिथे ठकूबाई पडून होती. वय सत्तरीपार. मंदिरातली सांजवात तीस वर्षं तिच्याच हातची! ताप उतरला होता, पण महिनाभर बाजेवर पडून तिच्या मांड्यांच्या काठ्या झाल्या होत्या. सून मायेने पेज भरवी, कूससुद्धा तिची तिला बदलू देत नसे. दत्तजयंतीला मुलगा तिला कायमचं शहरात नेणार होता.

डॉक्टर भास्करराव हुशार, पण बोलणं तिखट. "आजी, या वयात झडलेलं मांस परत येत नसतं. वातीबिती आता विसरा."

ठकूबाई घळाघळा रडू लागली.

महाराज म्हणाले, "ठकू, माझ्या पायांवर फूल वाहिल्याशिवाय तू जेवत नाहीस ना? मग ऊठ. आणि सूनबाई, पेज पुरे झाली. दूध द्या, घट्ट वरण द्या, तूप घालून मुगाची खिचडी द्या."

त्या दिवशी महाराज बाजेला टेकून बसले. दुसऱ्या दिवशी आसन हातभर लांब. तिसऱ्या दिवशी आणखी हातभर! ठकूबाई आधी नुसती पाय खाली सोडून बसली, मग सुनेचा खांदा धरून उभी राहिली, मग थरथरत पावलं टाकू लागली. फूल वाहून झालं की वाटीभर खिचडी चाटूनपुसून खायची.

भास्करराव हसत. "गुरू पुढे पळतायत, शिष्या मागे! भिंत आली की काय कराल, महाराज?"

"दार आहे की," महाराज म्हणाले.

दीड महिन्यात आसन खरंच दाराबाहेर, अंगणाच्या टोकाला गेलं. दत्तजयंती उजाडली. संध्याकाळी मुलाने गाडी जुंपली. ठकूबाई म्हणाली, "तेवढी वात लावून येते रे."

"तिची तिला चढू दे," महाराजांनी मुलाला थांबवलं.

चौदा पायऱ्या. अकरावीवर ठकूबाईचा गुडघा वाकला, तोल मागे गेला. "दत्ता!" तिने हाक मारली, आणि बगलेखाली एक उबदार हात आला. "घाई नको, ठकू. पाय नीट टेकव." महाराजांचाच आवाज! तिने पाय टेकवला, वर गेली, वात लावली. मागे वळून पाहते तो कुणी नाही.

सावकाश खाली येऊन तिने हात जोडले. "महाराज, धरलंत म्हणून वाचले."

महाराजांशेजारी बसलेल्या भास्कररावांचा चेहरा पांढराफटक पडला. "आजी, महाराज इथून हललेच नाहीत. तुम्ही पडताना मी धावणार, तर यांनी माझं मनगट धरून ठेवलं. 'बसा, ती पडत नाही' म्हणाले."

मुलाने गाडीचे बैल सोडले.

डॉक्टर महाराजांच्या पायांवर वाकले. महाराजांनी त्यांना अलगद थोपवलं. "माझ्या नाही. कष्ट त्या पायांनी केलेत."

भास्करराव ठकूबाईपुढे वाकले मात्र, "अगं बाई, हे काय डॉक्टर!" म्हणत ती संकोचाने दोन पावलं मागे सरली. कुणाचाही आधार न घेता, चटकन!