बंद ढोलीतलं मत

फार पूर्वी सह्याद्रीच्या रानात धनेश पक्षी दर चैत्रात आपला म्होरक्या निवडत. नेमक्या त्याच दिवसांत माद्या ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून आत अंडी उबवत.

शेंद्री नावाची मादी अशाच एका ढोलीत तळमळत होती. म्होरक्याने जवळची उंबरं माकडांना देऊन टाकली आणि गेल्या साली तिचं पिल्लू उपाशी मेलं.

फटीतून फळ देत नवरा म्हणाला, "तुझ्या वतीनं मीच मत देतो."

"नको. आम्ही कोंडलेल्या असतानाच निवड का?"

तो निवडीच्या सभेला उडून गेला. शेंद्री चोचीने भिंत ठोठावू लागली. शेजारच्या ढोलीतून साद आली, मग साऱ्या रानातून. सभेत कुणाचंच बोलणं ऐकू येईना. शेवटी पिल्लं उडेपर्यंत निवड पुढे गेली.

ज्येष्ठात माद्या आल्या, तेव्हा बसायला फांद्या पुरेनात. शेंद्री स्वतःच म्होरकेपदासाठी उभी राहिली होती. मतं मोजताना म्होरक्या पुटपुटला, "म्हणजे आजवर मी अर्ध्याच रानाचा म्होरक्या होतो!"