शनिवारचा बैल

अष्टागरातल्या एका गावात सिपोराबाई तेलीण राहायची. ती बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजातली. तोरा या त्यांच्या धर्मग्रंथात देवाची आज्ञा आहे म्हणून शनिवारी तिचा घाणा बंद असे आणि बैलालाही विसावा मिळे.

एका शनिवारी गावचे खोत तिच्या दारात येऊन गरजले, "आज रात्री माझ्या मुलीचं लग्न आहे, दिव्यांना तेल हवंय. देव मनात असला की झालं! चालव घाणा. नुसता वार पाळून मोक्ष मिळत असेल, तर तुझा बैलही जाईल की स्वर्गात! उत्तर दे, नाहीतर घाणा उपटून नेतो."

"बैल जुंपून बघा, खोतसाहेब."

खोतांनी गड्याकडून बैल जुंपवला. झापडं बांधताच तो मुकाट फिरू लागला. खोत हसले, "बघ, मोडला तुझ्या बैलानं शनिवार!"

"त्यानं काय मोडलं? माझ्या हुकमानं थांबला होता, तुमच्या हुकमानं चालला. आता मला चालवून दाखवा. घाण्यात तीळ सारायला हेच हात लागतील. घाणा न्या, घर न्या, आज हे हात उठायचे नाहीत. ज्याच्यावर विश्वास, त्याचाच हुकूम. मोक्षाचं तो बघेल. थांबणं तेवढं माझ्याकडे आहे."

खोतांनी पुढे होऊन स्वतःच्या हातानं बैल सोडला.

"घाणा कधी चालू होईल, बाई?"

"आभाळात चांदण्या दिसल्या की. तेव्हा आमचा शनिवार संपतो."

ज्यांच्यापुढे सारा गाव हात बांधून उभा राहायचा, ते खोत त्या संध्याकाळी तेलिणीच्या अंगणात आभाळाकडे बघत उभे होते.